ॲलील, प्रभावी व अप्रभावी

एकाच जनुकाची पर्यायी रूपे म्हणजे ॲलील. बहुतेक सजीवांना प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मिळतात : एक मातेकडून, एक पित्याकडून. प्रती भिन्न असताना ज्याचे लक्षण दिसते ते प्रभावी ॲलील. दोन्ही प्रती त्याच्याच असल्याशिवाय ज्याचे लक्षण दिसत नाही ते अप्रभावी. ग्रेगोर मेंडेल यांचा वाटाण्यावरील याविषयीचा निबंध १८६६ मध्ये छापला गेला.

कार्य : अप्रभावी ॲलील बहुधा निकामी प्रत असते. जोडीची चांगली प्रत पुरेसे विकर तयार करते, म्हणून उणीव झाकली जाते. लक्षणाच्या उपयुक्ततेशी किंवा दुर्मिळतेशी प्रभावीपणाचा संबंध नाही.

मावळातील भात : इंद्रायणी हा वाण वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये प्रसारित झाला. आंबेमोहर-१५७ व आयआर-८ हे त्याचे जनक वाण. आंबेमोहर सुवासिक, पण उंच असल्याने पावसावाऱ्यात लोळणारा. आयआर-८ ठेंगणा, भरघोस, पण बिनवासाचा.

आयआर-८ चा ठेंगणेपणा अप्रभावी आहे. त्याच्या एसडी-१ जनुकाचा तुकडा गळालेला असल्याने जिबरेलिन हे वाढीचे संप्रेरक कमी बनते. बहुतेक सुवासिक भातांचा वासही अप्रभावी असतो. बीएडीएच-२ जनुक चालू असले, की सुवासिक द्रव्याचा कच्चा माल दुसरीकडे वळतो. दोन्ही प्रती बंद असल्या तरच वास साठतो.

उंच सुवासिक व ठेंगण्या बिनवासाच्या भाताच्या अशा संकरात पहिली पिढी उंच आणि बिनवासाची निघते; हवे ते दोन्ही गुण लपतात. ती स्वपरागित केल्यावर दुसऱ्या पिढीत चारांत एक रोप ठेंगणे, चारांत एक सुवासिक येते. ही जनुके वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असल्याने दोन्ही गुण सरासरी सोळांत एका रोपात जुळतात.

अप्रभावी गुण एकदा दिसला, की त्याच्यापुरते रोप शुद्धच असते. उलट, उंच रोपांपैकी दोन तृतीयांश रोपांत ठेंगणेपणाची प्रत दडलेली असते. ती पुढील पिढी लावल्यावर कळतात.

अपवाद : रक्तगटाचे ए व बी ॲलील सहप्रभावी आहेत, दोन्ही असल्यास रक्तगट एबी होतो. १९५२ मध्ये मुंबईत नोंदलेला ‘बॉम्बे’ रक्तगट मात्र एच जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असल्यासच आढळतो.