मानवतचा कापूस आणि परमुलखातली लढाई

मानवतच्या बाजारात कापसाची गाडी लावल्यावर, हा भाव ठरवतो तरी कोण, असा प्रश्न शेतकऱ्याला पडतोच. अडत्याकडे बोट दाखवणे सोपे. पण वाचकहो, ते बोट पुष्कळ लांब न्यावे लागते.

1861 साली अमेरिकेत यादवी पेटली. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. मग लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांना आपली आठवण झाली! मुंबईत पैशाचा पूर आला. 1865 च्या एप्रिलात सेनापती ली शरण गेला. भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या.

पेढ्यांची हकिगत पुष्कळांनी लिहिली. कुणब्याचे काय? पुण्याकडे कापूस थोडाच. पण तेजीत धान्यही महागले होते. ते चढे भाव बघून सरकारने 1867 मध्ये इंदापूर तालुक्यात सारा वाढवला. पुढे भाव उतरले, सारा काही उतरला नाही. तो भरायचा कशातून? कर्ज काढून. 12 मे 1875 रोजी सुप्याला शेतकरी सावकारांच्या दुकानांवर तुटून पडले. कर्जरोखे, वह्या जाळल्या. सावकार लबाड होता, खरंच. पण सारा दोष त्याच्याच माथी मारला, की सरकार आपोआप सुटते, बरं का.

मानवत तेव्हा निजामाच्या राज्यात, रेल्वेपासून दूर. 1900 च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग झाला, मानवत रोड स्टेशन आले आणि इथला कापूस थेट मुंबईच्या वाटेला लागला. 1929 मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार बसला, तेव्हा पाठोपाठ आपल्या कापसाचाही भाव बसला.