तिकिटावरचा सरकारी मुद्रांक

कार्यक्रमाचं खोटं तिकीट खपवणाऱ्यासाठी आपल्याकडे वेगळा कायदा कधी झालाच नाही. १८६० च्या भारतीय दंडविधानात फसवणूक होती, बनावट दस्तऐवज होता. नाटक-सर्कशीचं तिकीट त्यातच कुठेतरी बसवून घ्यायचं. फसवणुकीचं कलम ४२०, शिक्षा फार तर सात वर्षं.

सरकारदरबारी तिकिटाला वजन आलं ते १९२३ च्या मुंबई करमणूक शुल्क कायद्यानं. महायुद्धाच्या खर्चासाठी ब्रिटननं १९१६ मध्ये करमणुकीवर कर बसवला होता, मुंबई सरकारनं तीच वाट धरली. काही अपवाद सोडले तर प्रेक्षकाला आत सोडायला तिकिटावर सरकारी मुद्रांक लागू लागला, आणि तोही आधी न वापरलेला. इथे खोट्या तिकिटाचा गुन्हा एकदम मोठा झाला. दंडविधानाचं कलम २५५ महसुली मुद्रांकाची नक्कल करणाऱ्याला थेट जन्मठेपेपर्यंत नेत होतं. वापरल्याची खूण खोडून सरकारला बुडवलं, तर कलम २६३ खाली तीन वर्षं. खुर्चीचे पैसे गेलेल्या प्रेक्षकासाठी सात वर्षं आणि तिकिटावरच्या चिमुकल्या मुद्रांकासाठी जन्मठेप! कायदा तिजोरी राखत होता. तिच्या आडोशाला प्रेक्षकाचंही थोडं रक्षण झालं, एवढं मात्र मान्य करायला हवं.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्याचा करमणूक कर त्यात विरून गेला. तिकीट तोवर मोबाइलमध्ये शिरलंच होतं. आता एकाच खऱ्या क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट दहा जणांना विकता येतो. गेटवर पहिला पोचेल तो आत; बाकीच्यांच्या हातातलं चित्रही हुबेहूब तेच. यात बनावट दस्तऐवज नेमका कुठला, हा वाद वकिलांनी घालावा. फसवणूक उघड आहे, आणि तिला कलमही जुन्याच वळणाचं: १ जुलै २०२४ पासून ४२० च्या जागी न्याय संहितेचं ३१८(४) आलं, शिक्षा तीच.

जपानमध्ये २०१९ पासून तिकिटांच्या अवैध फेरविक्रीविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. आपल्याकडे नवी मुंबईतल्या कोल्डप्लेच्या कार्यक्रमांआधी काळाबाजाराच्या आणि बनावट तिकिटांच्या तक्रारींवरून ऑक्टोबर २०२४ मध्ये ईडीनं छापे घातले. तिकिटांच्या काळाबाजाराविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली. कायदा करणं हे विधिमंडळाचं काम, असं सांगून. न्यायालयाचं म्हणणं रास्तच आहे. करासाठी १९२३ मध्ये दाखवलेली तत्परता विधिमंडळानं आता प्रेक्षकासाठी दाखवावी.