गुरुवारची सुटी आणि विजेची साठवण

आमच्या पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना आठवड्याची सुटी गुरुवारी असते. बाहेरगावचा पाहुणा हमखास विचारतो, "रविवारी भोंगा कसा काय वाजतो?" याचे उत्तर देवधर्मात नाही, विजेत आहे. सगळीकडचे कारखाने एकाच दिवशी बंद आणि उरलेले सहा दिवस एकदम सुरू राहिले, तर विजेचा मेळ बसत नाही. म्हणून विभागवार सुट्या वाटल्या गेल्या आणि आमच्या वाट्याला गुरुवार आला.

मी तीस वर्षे आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा अभ्यासक्रम शिकवला. पहिल्याच तासाला मुलांना सांगत असे, की धान्य कणगीत राहते, पाणी हौदात राहते, वीज मात्र तयार झाली त्याच क्षणी वापरावी लागते. साठवायची तर तिला दुसरे रूप द्यावे लागते. निवृत्तीनंतर मागे वळून पाहताना जाणवते, की आमच्या या पट्ट्याचा शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे या साठवणीचाच इतिहास आहे. आणि प्रत्येक वेळी तिची किंमत कुणीतरी वेगळ्यानेच मोजली आहे.

पहिली साठवण पाण्याची. लोणावळ्याजवळची धरणे बांधून टाटांनी १९१५ साली खोपोलीला वीज तयार केली. पुढे मुळशीला धरण बांधायला घेतले, तेव्हा जमिनी जाणाऱ्या मावळ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला. त्या लढ्याने पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' केले. लढा मोडला, धरण झाले आणि १९२७ पासून भिरा येथील वीज मुंबईकडे वाहू लागली. त्याच भिऱ्याला १९९० च्या दशकात १५० मेगावॅटचा उलटसुलट चालणारा संच बसला. मागणी कमी असताना पाणी पुन्हा मुळशीच्या तलावात चढवायचे आणि गरजेच्या वेळी खाली सोडायचे. चार युनिट खर्च केली तर साधारण तीन परत मिळतात. तोटा आहे, पण वेळेला उपयोगी पडणाऱ्या तीन युनिटांचे मोल अवेळीच्या चारांपेक्षा जास्त असते. मुंबईला उजेड मिळाला. मुळशीच्या शेतकऱ्यांच्या वाट्याला मात्र पाण्याखाली गेलेली भातखाचरे आली.

दुसरी साठवण शिशाची. फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये शोधलेली शिसे आणि आम्लाची बॅटरी १९६९ साली चिंचवडला बनू लागली. आज एक्साइड नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीचा, बंगालमधील शामनगरनंतरचा, हा दुसरा कारखाना. शेजारी टेल्कोचे ट्रक आणि आकुर्डीला बजाजच्या स्कूटर तयार होत असताना बॅटरीला गिऱ्हाईक शोधावे लागले नाही. पुढे भारनियमन आले आणि हीच बॅटरी इन्व्हर्टरच्या रूपाने घराच्या कोपऱ्यात येऊन बसली. माझ्याही गॅलरीत ती होती. महिन्या-दोन महिन्यांनी तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालण्याचे काम घरात माझ्याकडे असे. ती निकामी झाली, की भंगारवाला आनंदाने घेऊन जाई. पुढे कुणी तरी उघड्यावर ती फोडून शिसे वितळवत असे आणि तो धूर त्याच्याच मुलाबाळांच्या रक्तात जात असे. वर्गात आम्लापासून हात जपायला शिकवणाऱ्या मला हे फार उशिरा सुचले. सरकारचे बॅटरीविषयक नियमही २००१ मध्ये आले.

तिसरा प्रसंग २००६ चा. राज्यात विजेची मोठी तूट होती. तेव्हा उद्योजकांची संघटना सीआयआय, महावितरण आणि 'प्रयास' ही अभ्यासक संस्था यांनी मिळून एक तोडगा काढला. पुण्याला सुमारे ९० मेगावॅट कमी पडत होते. कारखान्यांनी आपले डिझेल जनरेटर चालवायचे, तेवढी ग्रीडची वीज शहराला द्यायची आणि महाग डिझेलचा जादा खर्च शहरातील ग्राहकांकडून वसूल करायचा. वीज नियामक आयोगाने मान्यता दिली आणि जून २००६ पासून पुण्याचे भारनियमन थांबले. योजना हुशारीची होती, यात शंका नाही. पण ज्याला पैसे मोजता आले त्याचाच अंधार मिटला. चाकणपलीकडच्या गावांत शेतकरी रात्री-अपरात्री पाणी द्यायला जातच राहिला.

आता चौथी साठवण लिथियमची. १९९१ मध्ये सोनी कंपनीने बाजारात आणलेली ही बॅटरी तेवढ्याच वजनात शिशाच्या चार-पाचपट वीज धरते. २०१९ मध्ये चाकणला विजेवरची चेतक तयार झाली आणि २०२२ मध्ये आकुर्डीला तिचा स्वतंत्र कारखाना निघाला. त्या पहिल्या चेतकच्या बॅटरीत सुमारे तीन युनिट वीज मावत असे. छत्तीसगडमध्ये राजनांदगावला २०२४ मध्ये सौर प्रकल्पाला जोडून जी बॅटरी सुरू झाली, तिच्यात १ लाख २० हजार युनिट मावतात. म्हणजे चाळीस हजार चेतक एका जागी! ती ४० मेगावॅट वीज तीन तास देऊ शकते. पुण्याची २००६ ची तूट अशा सव्वादोन बॅटऱ्यांनी त्या तीन तासांपुरती भागली असती, तीही धुराशिवाय.

दुपारी ऊन भरपूर आणि दिवे लागणीला मागणी जास्त, ही आजची अडचण आहे. चाकणच्या कांदा उत्पादकाला ती समजावून सांगावी लागत नाही. काढणीच्या वेळी भाव पडतो. ज्याच्याकडे चाळ आहे तो थांबू शकतो. विजेची चाळ म्हणजेच ही बॅटरी.

पण ही चाळ कुणाची? आपण बॅटरीचा पॅक जोडतो. आतले सेल मात्र बहुतांशी चीनहून येतात. केंद्राने २०२१ मध्ये त्यासाठी १८,१०० कोटींची योजना आणली. चिंचवडला १९६९ मध्ये आलेल्या कंपनीचा लिथियम सेलचा कारखाना बंगळुरूजवळ उभा राहतो आहे. पुण्यात आयसर आणि केपीआयटी यांनी मिळून विकसित केलेले सोडियमच्या बॅटरीचे तंत्र डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झाले. सोडियम मिठातही असते, ही आशेची गोष्ट आहे. लिथियमसाठी चिलीच्या वाळवंटातील खारे पाणी उपसले जाते, कोबाल्टसाठी काँगोत लहान मुलेही राबली आहेत. मुळशी निदान डोळ्यांसमोर होती; ही किंमत आपल्याला दिसतही नाही.

२०२२ च्या नव्या नियमांनी जुनी बॅटरी गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. ते योग्यच झाले. पण मोठ्या बॅटऱ्या ग्रीडला जोडल्या जातील, तेव्हा त्यांची वीज संध्याकाळी आधी कुठे जाणार, हेही आजच ठरवायला हवे. नाहीतर शहरात दिवे लागतील आणि चाकणपलीकडचा शेतकरी पुन्हा कंदील घेऊन मोटर सुरू करायला निघेल. गुरुवारची सुटी आम्ही सर्वांनी मिळून वाटून घेतली होती. साठवलेली वीजही तशीच वाटून घेता आली पाहिजे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)