लिंकनची अर्धी गोष्ट



कुणाला पोस्टाची तिकिटे जमविण्याचा छंद असतो, कुणाला जुनी नाणी जमविण्याचा. मला शाळकरी वयापासून अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा इतिहास वाचण्याचा छंद आहे. 1789 साली अध्यक्ष झालेल्या जॉर्ज वॉशिंग्टनपासून सर्वांची नावे मी एका वहीत क्रमाने लिहिली आहेत. वाचनात येईल ते त्या त्या नावाखाली टिपत आलो आहे. "सर, आपल्या जुन्नर तालुक्यात याचा उपयोग काय?" असे आपणांपैकी अनेकांनी मला विचारले आहे. याचे उत्तर मला घाटघरच्या सहलीत सापडले.

घाटघरजवळचा नाणेघाट आपणांस ठाऊक आहेच. कोकणातून जुन्नरकडे येणारा हा सातवाहनकालीन व्यापारी मार्ग. तेथील लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे. राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्तीही तेथे कोरल्या होत्या. मूर्ती भंगून गेल्या, परंतु त्यांची नावे दगडावर राहिली. मी मुलांना म्हणालो, "पाहा, मूर्ती गेल्या, अक्षर टिकले!"

तेव्हा शाळा सोडून गॅरेजमध्ये कामाला लागण्याच्या विचारात असलेला नववीतील एक विद्यार्थी म्हणाला, "सर, तुमचे लिंकन तरी कुठे शाळेत गेले? तरी अध्यक्ष झालेच ना!"

मी निरुत्तर झालो. दोष माझाच होता. वर्गात मी लिंकनची अर्धीच गोष्ट सांगत आलो होतो. उरलेली अर्धी येथे सांगतो.

अब्राहम लिंकन यांचा जन्म 1809 साली गरीब शेतकऱ्याच्या घरी झाला. आपले सारे शालेय शिक्षण मिळून एक वर्षदेखील भरत नाही, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. लिहिणे, वाचणे आणि त्रैराशिकापर्यंतचे गणित एवढीच त्यांची शिदोरी होती. पण या गोष्टीचा त्यांनी कधी अभिमान बाळगला नाही, उलट खंत बाळगली. उसनी पुस्तके वाचून ते वकील झाले. 1832 साली प्रथमच निवडणुकीस उभे राहिले, तेव्हा शिक्षण हा लोकांपुढील सर्वांत महत्त्वाचा विषय आहे, असे त्यांनी मतदारांना सांगितले. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1859 साली हार्वर्डच्या प्रवेश परीक्षेत बहुतेक विषयांत नापास झाला. लिंकननी त्याला कामाला लावले नाही. आणखी एक वर्ष दुसऱ्या शाळेत शिकविले आणि मग हार्वर्डला पाठविले. 1862 साली ऐन यादवी युद्धात, महाविद्यालयांसाठी सरकारी जमिनी देणाऱ्या कायद्यावरही त्यांनी सही केली. ज्याची शाळा सुटली, त्याने दुसऱ्याची सुटू दिली नाही!

आता आपल्या पुणे जिल्ह्याकडे वळू. 1865 साली अमेरिकेतून गुलामगिरी कायद्याने नाहीशी झाली. त्या कार्याबद्दल महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. राष्ट्राध्यक्षाला नव्हे, लोकांना! परंतु याच जोतीरावांना लहानपणी वडिलांनी शाळेतून काढून शेतात कामाला लावले होते. शेजारचे गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली, आणि 1841 साली जोतीराव पुन्हा मिशनच्या शाळेत गेले. ते शेजारी गप्प राहिले असते तर?

सहलीनंतर मी त्या विद्यार्थ्याच्या घरी गेलो. वडील म्हणाले, "सर, कमावणारा मी एकटाच." ते खोटे नव्हते. मी त्यांना जोतीरावांची आणि लिंकनची पूर्ण गोष्ट सांगितली. फी आणि पुस्तकांचे काय करायचे, यावरही बोललो. मुलगा आज दहावीत आहे.

पालकहो, न शिकता मोठी झालेली माणसे इतिहासात आहेत, पण मोजकीच. शाळा सुटल्यामुळे मागे राहिलेल्यांची नावे मात्र कोणत्याच दगडावर नाहीत. विद्यार्थी मित्रांनो, थोरांची गोष्ट वाचाल तेव्हा ती पूर्ण वाचा. आणि शेजारचे एखादे मूल शाळेत दिसेनासे झाले, तर त्याच्या घरी जाऊन गफ्फार बेग मुन्शींचे काम आपणच करावे, ही विनंती.