संहिता जाळावी की वाचावी? : अमेरिकी लेखनातील देशभक्ती आणि असहमती

देशभक्ती आणि असहमती या परस्परविरोधी वृत्ती आहेत असे गृहीत धरून अमेरिकी वाङ्मयाचा इतिहास वाचला, की त्यातील एक महत्त्वाची गोष्ट नजरेआड होते. या वाङ्मयातील सर्वांत प्रखर असहमती राष्ट्राच्या मूळ संहितांच्या वाचनातूनच उभी राहिलेली आहे. ४ जुलै १७७६ रोजी स्वीकारलेला स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि १७८७ साली सिद्ध झालेली राज्यघटना यांचा अर्थ कोणी व कसा लावावयाचा, हा गुलामगिरीविरोधी लढ्यातील कळीचा प्रश्न होता. तो जितका राजकीय, तितकाच अर्थनिर्णयनाचाही होता.

या संहिता मुळात निष्कलंक नव्हत्या. जाहीरनाम्याच्या जेफरसनकृत मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारा एक परिच्छेद होता. तो काँग्रेसने गाळला. स्वतः जेफरसन शेकडो गुलामांचा मालक होता. घटनेच्या मूळ मजकुरात ‘गुलाम’ हा शब्द कोठेही येत नाही. मात्र प्रतिनिधित्वासाठी त्यांची गणना तीन-पंचमांश करावी, पळून गेलेल्यांना परत करावे आणि १८०८ पूर्वी त्यांच्या आयातीवर बंदी घालू नये, अशा तरतुदी आडवळणाच्या भाषेत तेथे आहेत. समतेची घोषणा आणि हे सोयीस्कर मौन यांमधील अंतरातच असहमतीचे लेखन जन्मास आले. १८२९ साली बॉस्टनमध्ये डेव्हिड वॉकर या कृष्णवर्णीय लेखकाने आपल्या ‘अपील’मध्ये गोऱ्या वाचकांसमोर त्यांचाच जाहीरनामा ठेवला आणि त्यातील शब्द आपल्या आचरणाशी ताडून पाहण्याचे आव्हान दिले. १८४८ साली सेनेका फॉल्स येथे स्त्रियांनी त्याच जाहीरनाम्याची रचना स्वीकारली आणि राजाच्या जागी पुरुषाला उभे केले.

त्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या पुरुषांत फ्रेडरिक डग्लस हा एक होता. मेरीलंडमधील गुलामगिरीतून १८३८ मध्ये निसटलेल्या डग्लसने ५ जुलै १८५२ रोजी रॉचेस्टर येथे केलेले भाषण हा या परंपरेतील मानदंड मानावा लागेल. त्याची शक्ती सर्वनामांच्या योजनेत आहे. श्रोत्यांना तो सहनागरिक म्हणून संबोधतो. पण पूर्वज, उत्सव आणि स्वातंत्र्य यांविषयी बोलताना ‘तुमचे’ असेच म्हणतो. मराठीतील ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांमधला भेद इंग्रजीत नाही. तेव्हा श्रोत्यांच्या ‘आपण’मधून स्वतःला वगळण्यासाठी त्याला द्वितीय पुरुषाचा आधार घ्यावा लागला. संस्थापकांच्या धैर्याचा गौरव तो मनापासून करतो आणि त्याच गौरवाचे माप वर्तमानाला लावतो. पळालेल्या गुलामांना पकडण्याच्या कामी स्वतंत्र राज्यांतील नागरिकांनाही राबविणारा १८५० चा कायदा तेव्हा नुकताच अमलात आलेला होता.

तथापि असहमतीच्या या परंपरेतही एकवाक्यता नव्हती. ४ जुलै १८५४ रोजी फ्रेमिंगहॅमच्या सभेत विल्यम लॉइड गॅरिसनने घटनेची प्रत जाळली. त्याच सभेत हेन्री डेव्हिड थोरोने मॅसॅच्युसेट्सच्या गुलामगिरीवर व्याख्यान दिले. एकेकाळी गॅरिसनचा अनुयायी असलेला डग्लस १८५१ मध्येच त्याच्या मतापासून दूर झाला होता. घटनाकारांचा हेतू गुलामगिरीला संरक्षण देण्याचाच होता, असे गॅरिसनपंथी म्हणत. १८४० साली प्रसिद्ध झालेल्या मॅडिसनच्या टिपणांत त्यांना त्याचे पुरावे सापडले. डग्लसची भूमिका अशी, की बंद दाराआडचे हेतू वाचकावर बंधनकारक नसतात; बंधनकारक असतात ते लिहिलेले शब्द आणि त्यांचे उद्घोषित प्रयोजन. लेखकाचा हेतू की संहितेचा अर्थ, हा विसाव्या शतकातील समीक्षेने गाजविलेला वाद येथे माणसांच्या मुक्तीच्या संदर्भात आधीच लढला गेला होता.

हेतुवादी वाचनाचा धोका १८५७ साली उघड झाला. ड्रेड स्कॉट खटल्यात सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांनी संस्थापकांच्या हेतूचाच दाखला देऊन कृष्णवर्णीयांना नागरिकत्व नाकारले. गुलामगिरीचा कट्टर शत्रू आणि तिचा न्यायासनस्थ रक्षक हे दोघेही घटनेचे वाचन एकाच पद्धतीने करीत होते, हा त्यातील दारुण उपरोध होय. पण डग्लसच्या वाचनाचीही मर्यादा मान्य केली पाहिजे. केवळ अन्वयार्थाने बेड्या तुटल्या नाहीत. त्यासाठी यादवी युद्ध व्हावे लागले आणि १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने संहिताच बदलावी लागली. अर्थात, ही संहिता आपलीही आहे हा दावा आधी कोणी केलाच नसता, तर दुरुस्तीऐवजी राष्ट्रत्याग एवढाच पर्याय उरला असता.

१८७३ साली जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो गुलामांच्या दास्यविमोचनासाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी तो कित्ता गिरवावा, ही इच्छाही त्यांनी तेथेच नोंदविली. राष्ट्राचा मोठेपणा फुल्यांनी त्याच्या सत्तेवर वा संपत्तीवर मोजला नाही. स्वतःच्या अन्यायाशी झगडणाऱ्या तेथील माणसांवर मोजला. डग्लसच्या भाषणातील देशभक्तीची कसोटीही हीच होती.