पाळणाघर, बालवाडी आणि पोक्सो कायदा

18 वर्षांखालील मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा 2012 चा कायदा. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत शिशुवर्गातील दोन मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार आली. पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागले. 20 ऑगस्टला लोकांनी रेल्वे रोखली, नंतर उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली.

कलम 19 प्रमाणे माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवल्यास एक वर्षापर्यंत कैद (कलम 21). ‘शाळेची बदनामी होईल’ ही सबब कायद्यात कुठेच नाही. डोंबिवलीतल्या घरगुती पाळणाघरालाही हाच नियम. मुलाचा जबाब घरी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाविना घ्यायचा. पीडित मुलाचे नाव वा फोटो पसरवणे गुन्हा आहे. मोर्चाच्या जोशात आपलेच कार्यकर्ते हे विसरतात. मदतीसाठी 1098.