संगणक घटकांची सुसंगतता

संगणक घटकांची सुसंगतता : निरनिराळ्या उत्पादकांनी तयार केलेले सुटे भाग एकत्र जोडले असता ते निर्वेधपणे काम करू शकणे, यास सुसंगतता म्हणतात. खेळांसाठी बेताच्या खर्चात संगणक जुळवून घेण्याची पद्धत या गुणावरच आधारलेली आहे. हा गुण यंत्राच्या ठायी उपजत नसून तो व्यापारी स्पर्धेतून घडत गेला.

१९८१ मध्ये आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्यात इंटेल कंपनीचा ८०८८ हा सूक्ष्मप्रक्रियक असून पूरक कार्डांसाठी पाच खाचा होत्या. त्याच्या मंडलांची रेखाचित्रे प्रसिद्ध झाल्याने इतरांना जुळणारी कार्डे बनविता आली. मात्र बायोस या मूलभूत आज्ञावलीचे स्वामित्व आयबीएमकडेच होते. कॉम्पॅक कंपनीने १९८२ मध्ये स्वतंत्रपणे लिहिलेल्या बायोससह सुसंगत संगणक जाहीर केला, तेव्हा ही अडचण दूर झाली. १९८७ मध्ये आयबीएमने परवान्याने बांधलेली मायक्रोचॅनेल रचना आणली. परंतु बहुतेक उत्पादकांनी ती स्वीकारली नाही.

१९९५ मधील एटीएक्स मानकाने मदरबोर्ड, पेटी व वीजपुरवठा यांचा मेळ निश्चित केला. त्याच सुमारास सॉकेट ७ मध्ये इंटेल, एएमडी व सायरिक्स या तिन्ही कंपन्यांचे प्रक्रियक बसत. १९९७ मध्ये इंटेलने पेंटियम २ साठी वेगळी खाच योजली व हा सामाईकपणा पुढे संपला. तरीही काटकसरी ग्राहकास वाव राहिला. १९९८ मधील सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रक्रियक ६६ ऐवजी १०० मेगॅहर्ट्‌झच्या वाहिनीवर चालविल्यास ३०० ऐवजी ४५० मेगॅहर्ट्‌झ वेग देऊ शके.

केवळ आकार जुळणे म्हणजे सुसंगतता नव्हे. २०१७ मधील इंटेलचे आठव्या पिढीचे प्रक्रियक एलजीए ११५१ याच सॉकेटात बसत. पण आधीच्या मदरबोर्डांवर चालत नसत. याउलट एएमडीचे २०१६ मधील एएम४ सॉकेट अनेक पिढ्या टिकले. २०२० च्या मे महिन्यात या कंपनीने ४०० मालिकेच्या मदरबोर्डांना आगामी प्रक्रियकांचा आधार नाकारला. तथापि ग्राहकांच्या नाराजीमुळे त्याच महिन्यात तो निर्णय बदलावा लागला.

यावरून निवडीचा क्रम स्पष्ट होतो. प्रथम प्रक्रियक व सॉकेट, मग मदरबोर्डावरील बायोसची आवृत्ती, नंतर स्मृतीचा प्रकार पाहावा. डीडीआर४ व डीडीआर५ स्मृती एकाच खाचेत बसत नाहीत. ग्राफिक्स कार्डाची लांबी पेटीत मावली पाहिजे. पीसीआय एक्सप्रेस खाच कार्डास कमाल ७५ वॉट शक्ती देते. अधिक लागल्यास वीजपुरवठ्यास योग्य जोडण्या हव्यात. वीजपुरवठ्यात केलेली काटकसर बहुधा महागात पडते.

मुंबईतील लॅमिंग्टन रोड व दिल्लीतील नेहरू प्लेस येथील सुट्या भागांची बाजारपेठ या सुसंगततेवरच उभी राहिली. मानके खुली राहिली, तेव्हा जुना भाग ठेवून एकच नवा घेण्याची सोय मर्यादित उत्पन्नाच्या ग्राहकास लाभली. ती आखडली, तेव्हा त्याचा भुर्दंड त्यालाच सोसावा लागला.